उसाखालचा रस्ता

"हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं काकू. पुढे कारण जोडायचं नाही. तुम्ही कारण सांगायला लागलात की समोरच्याला वाटतं, हिला सगळंच माहीत आहे." श्रद्धा मॅडमचा हा आवाज सोमवारपासून माझ्या कानात बसला आहे, आणि तो नेमका सकाळी गच्चीत तुळशीला पाणी घालताना वर येतो, जेव्हा माझं तोंड बंद असतं. दिवा लावून पोथीचा एक अध्याय वाचून होईपर्यंत मी बोलत नाही; अठ्ठावीस वर्षांचा नेम आहे. आज तांब्यातली धार अर्ध्यावर असताना खाली ट्रॅक्टर धडधडला. आमच्या मांजरी गावात ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कुणी वळून बघावं असे दिवस आता आले आहेत, म्हणून मी कठड्याशी गेले. ट्रॅक्टर आमचाच, म्हणजे माझ्या दिराचा, मच्छिंद्रभाऊंचा. तो शेतात नव्हता. आम्ही विकलेल्या प्लॉटांच्या मधून जो चोवीस फुटी रस्ता जातो त्यावर होता, आणि नांगराचे फाळ खाली टाकून तो रस्ताच फोडत होता. मुरूम उलटा होत होता. त्याच्या खालून काळी माती निघत होती, सहा वर्षं उजेड न बघितलेली, आणि तिच्यात अजून ओल होती. बांधावर उसाच्या बेण्याच्या मोळ्या रचून ठेवलेल्या. मला ओरडायचं होतं. पण अध्याय व्हायचा होता. मी उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि खाली जाऊन पोथी उघडली. माणसाला गप्प बसायला नेम किती सोयीचा पडतो, हे मला आज पहिल्यांदा कळलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला. थोडाच.

नोटीस माझ्या नावाने आली आहे. हे गेल्यावर, म्हणजे ज्ञानदेव गेल्यावर, अर्धी जमीन माझ्या नावावर चढली आणि शेवटचे अकरा प्लॉट माझ्या सहीने गेले. सही करताना मी कागद वाचला नाही. वाचला असता तरी केलीच असती. त्या वर्षीच्या कराच्या विवरणात भाऊंनी लिहवून घेतलं, शेतजमीन विकली आणि त्या पैशात दौंडकडे दुसरी शेतजमीन घेतली, म्हणून कर माफ. आता प्राप्तिकरवाले विचारताहेत की ते शेत होतं की दुकान. टिळक रस्त्यावर जिन्याखालच्या एका खोलीत आमच्या करसल्लागार श्रद्धा मॅडम बसतात; वय फार तर तिशीचं, समोर कॉम्प्युटर, आणि बोलणं असं की माणूस बसल्या जागी लहान व्हावा. त्यांनी मला फोड करून सांगितलं. जमीन राखली, पिकवली, एक दिवस विकली, तर जो नफा झाला तो भांडवली. त्याला सवलती आहेत. तिचे तुकडे पाडले, रस्ते काढले, जाहिरात केली, गिऱ्हाईक बघून एकेक विकला, तर तो धंदा. धंद्याला सवलत नाही, सगळं उत्पन्नात धरणार, वर दंड. भाऊ मध्येच म्हणाले, "म्याडम, शेतच हाय वो ते." मॅडम स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "असेल ना. पण शेताला कमान नसते, आणि कमानीवर 'साई सृष्टी' लिहिलेलं नसतं." "कमान काढली की आपण." "वा. कुणी तिच्याखाली उभं राहून फोटो काढला नसेल, अशी प्रार्थना करा. काकू करतीलच म्हणा." मी हसले. मला हसायची सवय आहे. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, शेवटी अधिकारी एकच गोष्ट शोधणार. हेतू. विकताना तुमच्या मनात काय होतं." मन! लग्न होऊन या घरात आले त्याला सदतीस वर्षं झाली. भाकरी करपली का, पाणी तापलं का, सही कुठे केली, सगळं विचारून झालं. माझ्या मनात काय होतं हे विचारायला सरकारी नोटीस यावी लागली.

आणि मला ते माहीत आहे, हीच अडचण आहे. श्रद्धा मॅडम म्हणतात तसं ते कागदपत्रांवरून शोधून काढायची गरज नाही. मला तारीख माहीत आहे, वेळ माहीत आहे, त्या वेळी कुठला वास येत होता तेही माहीत आहे. सहा वर्षांपूर्वीचा दिवाळीचा पाडवा. त्याआधीच्या प्रत्येक पाडव्याला आमच्या घरात नांगराला हळदकुंकू लागायचं आणि कारखान्याची पावतीवही पाटावर यायची. त्या वर्षी पाटावर नकाशा आला. सत्तेचाळीस चौकोन, मधून रस्ते, कोपऱ्यात देवळासाठी सोडलेली रिकामी जागा, जी पुढे भाऊंनी विकली. नवीन कोरी वही, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. गुरुजींनी यांच्या ओंजळीत पळीने पाणी घातलं आणि विचारलं, "संकल्प कशासाठी सोडायचा, यजमान?" हे जरा थांबले. हे कधीच पटकन बोलायचे नाहीत. मागून भाऊ म्हणाले, "धंद्यात यश येऊ दे म्हणावं." ह्यांनी तेच म्हटलं. अशा वेळी बायकोने नवऱ्याच्या उजव्या हाताला हात लावायचा असतो, म्हणजे जे काय मागितलं जातंय त्यात तीही आली. मी लावला. ह्यांचा हात गार होता, मनगटावर उसाच्या पाचटाने कापलेली जुनी खूण होती, तिच्यावर माझं बोट आलं. पाणी ताम्हनात पडलं. त्या घटकेपर्यंत ते शेत होतं. त्या घटकेनंतर तो माल झाला. हे मी अधिकाऱ्याला एका वाक्यात सांगू शकते. आणि मॅडम सांगतात, वाक्य नको, हो किंवा नाही.

खरं तर मी मॅडमना हे सांगून पाहिलं. भाऊ गाडी काढायला बाहेर गेले होते तेवढ्यात. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "काकू, कायद्यात असंही करता येतं. पाडव्यापर्यंत किंमत वाढली तेवढा नफा भांडवली, पुढचा धंद्याचा. दोन भाग. पण मग दौंडची माफी जाते आणि तुमच्या दिरांना ते चालणार नाही. माझी फी ते देतात." एवढं बोलून त्या परत स्क्रीनकडे वळल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्ही फार स्पष्ट बोलता हो. असं दिसत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

कागदांचं वेगळंच झालं. प्लॉटिंगची माहितीपत्रकं छापली होती, गुळगुळीत कागदाची, पुढे नकाशा, रस्ते निळ्या रंगात, 'चोवीस फुटी अंतर्गत रस्ते, पाणी, वीज', मागची बाजू पांढरीशुभ्र. दोन गठ्ठे उरले. वाया कसे घालवायचे? मी रोज एकशे आठ वेळा नाम लिहिते. वह्या महाग. मी त्या पांढऱ्या बाजूवर लिहू लागले. चार वर्षं लिहिलं. नोटीस आल्यावर भाऊ आले आणि म्हणाले, "वहिनी, ते कागद हायेत का घरात? एक बी ठेवायचा न्हाई. चुलीत घाला." मी म्हटलं, नाम लिहिलेला कागद जाळता येत नाही. त्यांना खरोखर कळेना, काय करावं. एवढा मोठा माणूस, गावात दहा माणसं मागे फिरवणारा, माझ्या दारात गठ्ठ्यांकडे बघत उभा राहिला. मला तो क्षण आवडला. हे पाप असेल तर असो. ते कागद म्हणजे आम्ही काय विकलं त्याचा पुरावा होता, आणि त्याच्यावर देवाचं नाव राखणीला बसलं होतं. मग भाऊच म्हणाले, "नदीत सोडले तर चालतंय ना?" चालतं. शास्त्राने चालतं. मी नाही म्हणू शकले असते. खोटं कारण काढलं असतं, आज पंचक आहे, उद्या अमावस्या आहे. पण मी खोटं बोलत नाही. मी दोन्ही गठ्ठे पंच्यात गुंडाळून, वर फूल ठेवून, स्वतःच्या हाताने त्यांच्या गाडीत ठेवले. तेव्हा मला वाटलं, मी नाम वाचवलं. आज गच्चीतून बघताना कळलं, मी काय दिलं. लोकांच्या खरेदीखतात फक्त गुंठे आहेत. रस्ता खरेदीखतात नाही. रस्ता जगात एकाच ठिकाणी निळ्या रंगात काढलेला होता आणि तो मी फूल वाहून मुळा-मुठेत पाठवला.

अध्याय झाला. तोंड सुटलं. स्वयंपाकघरात गेले तर जाऊ, शालू, पोह्यांवर खोबरं टाकत होती आणि भाऊ चिखलाच्या बुटांनी तसेच ओट्यापाशी. मी म्हटलं, "भाऊ, रस्ता का मोडला?"

"मोडला कुठं? रान केलं. उद्या जबाब झाला की साहेब माणूस धाडणार बघायला. त्याला ऊस दिसला पायजे."

"उद्या लावलेला ऊस उद्याच दिसतो का?"

"कांडी दिसंल की. ओल दिसंल."

शालू हसली. "आक्का, तुम्ही कशाला जीव घालता? तुमचं हो-नाही झालं की सुटलात. नाहीतरी तुम्हाला कमी बोलायची सवय."

"आणि प्लॉटवाले? त्यांनी घरी जायचं कसं?"

भाऊंनी चहाचा कप ठेवला. ते ओरडत नाहीत. ओरडत असते तर बरं झालं असतं. "वहिनी, आपण त्यांना गुंठा दिला. रस्ता दिल्याला कागद हाय का कुणाकडं? न्हाई. मग? आणि उद्या तुम्ही तिथं काय येगळं बोललात, तर दौंडचं रान विकावं लागंल. ते शालूच्या नावावर हाय. मग हे घर कुणाच्या नावावर हाय ते बी बघावं लागंल."

"तुमच्या," मी म्हटलं.

"मी म्हटलं का तसं? तुम्ही म्हणताय."

ते गेले. शालूने माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. कांदा घातलेला होता. पौषात मी नेमाने कांदा खात नाही, हे तिला माहीत आहे. सदतीसपैकी एकवीस वर्षं माहीत आहे. मी बशी उचलून गायीच्या टोपलीत रिकामी केली आणि बशी धुऊन ठेवली. आमच्या घरात भांडणं अशी होतात. भांडं वाजत नाही. दोघी कपडे वाळत घालताना चिमटे एकमेकींना देतो, आणि त्यातसुद्धा ती मला तुटके देते आणि मी ते मुद्दाम तिच्याच साड्यांना लावते.

दुपारी मैना आली. ती वाशीमकडची, नवरा वाघोलीत गोदामात, ती स्वतः पॅकिंगच्या कंपनीत. सतरा नंबरचा प्लॉट तिचा. तिच्या कागदावर माझी सही आहे. सही करताना ती माझ्या पाया पडली होती, आणि मी तिला नारळ दिला होता, जसं काही मी तिला शेजारीण करून घेत होते. आज ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत काळे. भाऊंनी सऱ्यांना पाणीही सोडलं होतं.

"काकू, तुमचा ट्रॅक्टर रस्ताच नांगरून राहिला ना."

"आत ये."

"नाही येत. पाय भरले. शुक्रवारी स्लॅब आहे माझा. मिक्सरवाला म्हणते, गाडी कुठून घालू, उसातून? टँकर सकाळीच परत गेला. मी दादांना विचारलं, तर म्हणतात, रस्ता नव्हताच कधी. दोन वर्षांपासून मी काय हवेतून येऊन राहिले का काकू?"

तिचा आवाज चढत गेला.

"मी भांडायला नाही आली. तुम्ही खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. मले फक्त सांगा. रस्ता होता का नव्हता?"

शालू आतल्या दारात येऊन उभी होती. तिच्या बांगड्या थांबल्याचं मला ऐकू आलं. होता किंवा नव्हता. हो किंवा नाही. मला वाटलं, ही बाई आणि तो अधिकारी एकच प्रश्न विचारताहेत, फक्त हिचे पाय चिखलात आहेत.

"होता," मी म्हटलं. "आम्ही काढला. प्लॉट विकायसाठीच काढला. उद्या मला जबाबाला बोलावलंय, सरकारपुढे. तिथे शपथेवर हेच लिहून देईन. त्याची नक्कल तुला मिळेल असं करीन."

"नक्की?"

"हो."

मैनाने मान हलवली. आभार मानले नाहीत, ते बरं झालं. ती गेल्यावर उंबऱ्याबाहेर तिच्या पावलांचे दोन काळे ठसे राहिले. शालूने बादली आणली आणि माझ्याकडे न बघता ते धुऊन काढले. "घर तुमचंच म्हणून बोलावताय लोकांना," एवढंच म्हणाली.

आणि मग उरलेली दुपारभर मी देवघरासमोर बसून होते, आणि देवाची एकही गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती. मी स्वतःचीच चौकशी करत होते, आणि त्या अधिकाऱ्यापेक्षा वाईट करत होते. मी हे का करते आहे? मैनासाठी? मैनाला मी दोन वर्षांत तीनदा भेटले असेन. सत्यासाठी? सत्य गेल्या वर्षीही होतं आणि विवरणावर मी खाली सही केली होती. मग? भाऊंचा चेहरा उद्या पडेल, तो मला बघायचा आहे का? शालूला दौंडचं रान विकताना बघायचं आहे का? ह्यांच्या तेराव्याला, भटजी जेवत असताना, भाऊ माझ्याकडून अंगठा उठवून घ्यायला निघाले होते, मला सही येते हे विसरून. मी म्हटलं, मला लिहिता येतं. ते म्हणाले, "मग काय, उत्तमच." तो "उत्तमच" मी चार वर्षं मनात ठेवला आहे. नाम लिहिताना ठेवला, उपासाला ठेवला. त्याला राखलं, पिकवलं. आता तो विकायला काढते आहे, आणि वरून त्याला सत्य म्हणते आहे. श्रद्धा मॅडम म्हणतील, काकू, हा शुद्ध धंदा आहे, सवलत मिळणार नाही.

देवाच्या मूर्तींना सकाळचं गंध सुकून भेगा पडल्या होत्या. मला असं वाटत राहिलं की कुठेतरी आत एखादी स्वच्छ जागा सापडेल, जिथे फक्त मैना आणि रस्ता असेल आणि शालू नसेल, भाऊ नसतील, तो "उत्तमच" नसेल. नाही सापडली. मळलेलीच सगळी. हेतू शोधायला गेलं की असंच होत असेल. त्या अधिकाऱ्याची मला थोडी दया आली. पण एक गोष्ट सापडली. मी जर उद्या "नाही" म्हटलं, तर त्याचा हेतू मात्र अगदी स्वच्छ निघत होता: घरात राहायला मिळावं. त्यात काही कालवाकालव नव्हती. आणि रस्ता, माझ्या मनात काहीही असो, होता. माझ्या द्वेषाने तो चोवीसचा पंचवीस फूट होणार नव्हता.

गुरुवार उजाडला. अकराला हजर राहायचं होतं. भाऊ साडेनऊला गाडी काढणार होते, श्रद्धा मॅडम तिकडे दारात भेटणार होत्या. मी पहाटे उठून नेम आटोपला. अध्याय मोठा होता, पण अक्षरं सोडली नाहीत. इरकल नेसले. आधारकार्ड, नोटीस आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. आठ वाजायला आले होते. शालू ओट्याशी कणीक मळत होती.

"एवढ्या लवकर?"

"बसने जाते."

तिचे हात कणकेत थांबले. ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्यात, हिशेबही नव्हता, मोकळी जागा बघावी तसं काहीतरी होतं. "गाडी आहे की," ती म्हणाली.

"भाऊंना सांग, मी गेले. तिथे भेटू."

"आक्का," ती हळू म्हणाली, "परत येताना फोन करून या. दाराला कुलूप असलं तर."

"करेन," मी म्हटलं.

घराच्या मागून गाडीवाट आहे, कोरडी, भाऊंच्या हद्दीतून जाणारी. मी पुढच्या दाराने बाहेर पडले. रस्ता होता तिथे आता सऱ्या होत्या, आणि सऱ्यांत पाणी, आणि पाण्यात बोटभर डोळे वर करून बेण्याच्या कांड्या. मी चपला हातात घेतल्या, निऱ्या वर खोचल्या. पहिल्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला. माती गार होती. मधूनमधून तळव्याला मुरूम टोचत होता. तेवढ्यावरून मी दिशा धरली. सतरा नंबरवर विटांचा ढीग होता, सळया उभ्या होत्या, शेजारच्या पत्र्याच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी हाक मारली नाही. मागे गच्चीत कुणीतरी आलं असावं, पण मी वळले नाही. डांबरीपाशी पोहोचले तेव्हा लुगड्याचा काठ काळा झाला होता. मी नळकोंडाळ्यावर पाय धुतले, चपला घातल्या आणि थांब्याकडे चालू लागले.